शब्द बरोबर, मजकूर चूक

पुढचा अर्ज जरा नीट वाचा. ‘महोदय, गावी पुतण्याचे लग्न असल्याने माझी चार दिवसांची रजा मजूर करावी. कामाचा खोळंबा होणार नाही. त्याबद्दल आपण चिता करू नये. येताना आपल्यासाठी देवगडचा आबा घेऊन येईन.’

हा अर्ज संगणकावर लिहून तपासून घेतला, तर बहुधा एकाही शब्दाखाली तांबडी नागमोडी रेघ उमटणार नाही. साहेब मात्र गोंधळून जातील. रजेला मोलमजुरीला लावायचे, साहेबांनी सरण रचायचे नाही आणि देवगडच्या कुणा वयोवृद्ध गृहस्थाला उचलून कचेरीत आणायचे, असा त्या अर्जाचा अर्थ होतो. चार वाक्ये, तीन चुका आणि तिन्ही एकेका टिंबाच्या. मंजूर, चिंता आणि आंबा या शब्दांवरचे अनुस्वार तेवढे गळाले. पण ते गळाल्यावर मागे जे उरले, तेही चांगले कुलशीलवान मराठी शब्द आहेत. त्यामुळे स्पेलचेकर नावाचा तो तपासनीस त्यांच्याकडे पाहून मान डोलावतो आणि पुढे जातो.

पत्र लिहून झाले की आपली नजर हल्ली आपोआप त्या तांबड्या रेघा शोधते. रेघ नाही म्हणजे चूक नाही, असा आपला हिशेब. हा हिशेब कुठे चुकतो हे कळायला तो तपासनीस नेमके काय करतो ते पाहायला हवे. नावावरून वाटते, की तो आपले लेखन तपासतो. वास्तविक तो लेखन वाचतच नाही. तो मजकुरातला एकेक शब्द सुटा करतो आणि आपल्याजवळच्या यादीत तो आहे की नाही, एवढेच बघतो. यादीत असेल तर सोडतो, नसेल तर रेघ मारतो. सोसायटीच्या फाटकावर बसलेल्या रखवालदाराची आठवण व्हावी. त्याच्या वहीत रहिवाशांची नावे असतात. अनोळखी माणूस आला की तो अडवतो. पण तिसऱ्या मजल्यावरचे जोशी चुकून पाचव्या मजल्यावरच्या कदमांच्या घरात शिरले, तर रखवालदाराला त्याचे काय? जोशी वहीत आहेत ना, मग झाले.

ही वही पहिल्यांदा तयार झाली त्याला आता साठ वर्षे होऊन गेली. लेस अर्नेस्ट या अमेरिकन संशोधकाला १९६१ च्या सुमारास हाताने लिहिलेली इंग्रजी अक्षरे यंत्राला वाचता येतील का, हे पाहायचे होते. अक्षर धड लागत नसेल तर निदान शब्द तरी ओळखीचा आहे का हे ताडण्यासाठी त्यांनी दहा हजार नेहमीच्या शब्दांची यादी यंत्राच्या हाती दिली. म्हणजे या तपासनिसाचा मूळ उद्योग लेखकाच्या चुका काढण्याचा नव्हताच. पुढे अर्नेस्ट स्टॅनफर्ड विद्यापीठात गेले आणि तिथे राल्फ गोरिन या विद्यार्थ्याने १९७१ मध्ये ‘स्पेल’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. कोणताही इंग्रजी मजकूर घेऊन त्यातले यादीबाहेरचे शब्द दाखवायचे आणि त्यांच्या जवळपासचे शब्द सुचवायचे, हे काम तो करू लागला. आजच्या सगळ्या स्पेलचेकरांचा हा मूळपुरुष म्हणायला हरकत नाही.

त्या काळच्या यंत्रांची स्मरणशक्ती किती तोकडी होती, याची आज कल्पना करवत नाही. बेल प्रयोगशाळेत डग मॅकिलरॉय यांनी युनिक्ससाठी स्पेलचेकर नव्याने बांधला तेव्हा त्यांच्या हाती चौसष्ट किलोबाइट एवढीच जागा होती. आपल्या मोबाइलमधला एक साधा फोटो याच्या कितीतरी पट जागा खातो. एवढ्याशा कोनाड्यात तीस हजार शब्द बसवायचे होते. त्यांनी शब्द ठेवलेच नाहीत. प्रत्येक शब्दापासून गणिताने एक आकडा काढला आणि ते आकडे दाबून दाबून भरले. यात एक धोका होता. एखाद्या चुकीच्या शब्दाचा आकडा योगायोगाने बरोबर शब्दाच्या आकड्याशी जुळू शकतो. तसे घडण्याची शक्यता साधारण चार हजारांत एक. मॅकिलरॉय यांनी हिशेब केला आणि ती स्वीकारली. आपला तपासनीस कधीमधी डोळेझाक करणार, हे तो बनवणाऱ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. वापरणाऱ्यांना तेवढे कुणी सांगितले नाही.

पण हा धोका किरकोळच. खरी गोम वेगळी आहे आणि ती समजायला टंकलेखनातल्या चुका होतात कशा, ते बघावे लागते. आयबीएममधल्या फ्रेडरिक डॅमेरो यांनी १९६४ मध्ये एक निरीक्षण मांडले. त्यांच्यासमोर आलेल्या चुकीच्या शब्दांपैकी सुमारे ऐंशी टक्के शब्दांत चूक एकच होती आणि ती चारांपैकी एका प्रकारची होती. एक अक्षर गळते, एक जादा पडते, एकाच्या जागी दुसरे येते किंवा शेजारशेजारची दोन अक्षरे जागा बदलतात. ही माहिती स्पेलचेकरवाल्यांना सोन्यासारखी वाटली, कारण चुकीच्या शब्दाला पर्याय सुचवायला ती फार उपयोगी पडते. पण याच गोष्टीची दुसरी बाजू अशी, की एका अक्षराच्या अंतरावर दुसरा खरा शब्दच उभा असेल, तर घसरलेले बोट थेट त्या शब्दावर जाऊन पडते. इंग्रजीत ‘फ्रॉम’ आणि ‘फॉर्म’ यांच्या स्पेलिंगमध्ये दोन अक्षरांची अदलाबदल एवढाच फरक. मराठीत ‘परिणाम’ आणि ‘परिमाण’ घ्या, ‘प्रमाण’ आणि ‘प्रणाम’ घ्या. ‘औषधाचे प्रणाम वाढवावे’ असे लिहिले, तरी यंत्राच्या दृष्टीने सगळे आलबेल.

शब्द जितका लहान, तितके त्याचे शेजारी जास्त. लांबलचक शब्द माळरानावरच्या एकट्या घरासारखे असतात. तिथे वाट चुकली तर लगेच कळते. दोन-तीन अक्षरांचे शब्द चाळीत राहतात. एक दार चुकले की दुसऱ्याच्या घरात. आणि भाषेचा रोजचा कारभार तर या लहान शब्दांवरच चालतो.

मग यादी आणखी मोठी केली तर? आपल्याला सहज वाटेल, की तपासनिसाला जितके जास्त शब्द माहीत तितका तो हुशार. जेम्स पीटरसन या अमेरिकन संगणकतज्ज्ञांनी १९८६ साली याच समजुतीला टाचणी लावली. टंकलेखनातल्या एकेका अक्षराच्या चुकांपैकी किती चुका दुसऱ्या खऱ्या शब्दाच्या रूपाने निसटून जातील, याचा त्यांनी हिशेब मांडला. यादी लहान असेल तर सुमारे दोन टक्के, पन्नास हजार शब्दांची असेल तर दहा टक्के आणि साडेतीन लाख शब्दांची अवाढव्य यादी घेतली तर जवळजवळ सोळा टक्के! कारण सरळ आहे. यादीत दुर्मीळ, जुनाट, कुणी न वापरलेले शब्द घातले, की त्यातला प्रत्येक शब्द कुठल्यातरी नेहमीच्या चुकीला लपायला जागा करून देतो. वहीत जितकी नावे जास्त, तितका फाटकातून भलत्याला आत घेण्याचा संभव जास्त.

हे सगळ्यांना पटले असे नाही. डॅमेरो आणि त्यांचे सहकारी एरिक मेज यांनी १९८९ मध्ये सव्वादोन कोटी शब्दांच्या आसपासचा प्रत्यक्ष मजकूर घेऊन उलट तपासणी केली. यादी पन्नास हजारांवरून साठ हजारांवर नेली तेव्हा बरोबर असूनही चूक ठरवले जाणारे १३४८ शब्द सुटले आणि त्या बदल्यात निसटलेल्या चुका वाढल्या अवघ्या २३. तेव्हा मोठी यादीच बरी, असे त्यांचे म्हणणे पडले. दोन्ही हिशेब आपापल्या जागी ठीक आहेत. पण दोन आकडे शेजारी ठेवून वजाबाकी करावी अशा या गोष्टी नाहीत, असे मला वाटते. बरोबर शब्दाखाली उगीच रेघ आली तर त्रास होतो लिहिणाऱ्याला, तोही क्षणभर. निसटलेल्या चुकीचा त्रास मात्र वाचणाऱ्याला होतो आणि तो किती होईल याला धरबंध नाही. १३४८ वेळा कपाळाला आठी पडणे एकीकडे आणि त्या २३ पैकी एखादी चूक कुणाच्या औषधाच्या चिठ्ठीत असणे दुसरीकडे. मधुमेह असलेल्या घरांत ‘हायपो’ आणि ‘हायपर’ हे शब्द आता ओळखीचे झाले आहेत. रक्तातली साखर घसरली तर ‘हायपोग्लायसेमिया’, चढली तर ‘हायपरग्लायसेमिया’. एकावर तातडीने साखर द्यायची, दुसऱ्यावर मुळीच नाही. वैद्यकीय शब्दांची यादी जोडलेल्या कोणत्याही स्पेलचेकरला दोन्ही शब्द सारखेच प्रिय!

मुलांच्या बाबतीत तर हा प्रश्न अधिकच बिकट. ब्रिटनमध्ये रॉजर मिटन यांनी १९८७ मध्ये विद्यार्थ्यांनी हाताने लिहिलेले ९२५ निबंध तपासले. एकूण शब्द एक लाख सत्तर हजार. त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुकांपैकी तब्बल चाळीस टक्के चुका अशा होत्या, की मुलांनी लिहिलेला शब्द भाषेत अस्तित्वात होता, फक्त त्या जागचा नव्हता. ज्याचे शुद्धलेखन कच्चे, त्याला या तपासनिसाची सर्वांत जास्त गरज. आणि त्यालाच तो ऐन वेळी दगा देतो.

या सगळ्याच्या मुळाशी काय आहे, ते आपल्या जुन्या छापखान्यांकडे पाहिले की चटकन लक्षात येते. खिळे जुळवण्याच्या काळात मुद्रितशोधनाला दोन माणसे बसत. एकाच्या हातात लेखकाची मूळ प्रत, दुसऱ्याच्या पुढ्यात गॅलीचे प्रूफ. पहिला मोठ्याने वाची, स्वल्पविराम-पूर्णविरामांसकट. दुसरा त्याबरहुकूम प्रुफावर पेन्सिल फिरवी. जुळाऱ्याने खणातून भलता खिळा उचललेला असे, कुठे मात्रा तुटलेली असे, कुठे अख्खी ओळ गळलेली असे. तरीही मुद्राराक्षस आपला प्रताप दाखवायचा तो दाखवीच आणि पुस्तकाच्या शेवटी शुद्धिपत्राचे पान लागे. पण त्या पद्धतीत एक गोष्ट पक्की होती. तपासणाऱ्याच्या समोर दोन कागद असत. काय लिहायचे होते आणि काय छापले गेले, हे तो ताडून पाही. ‘मजूर’ हा शब्द मराठी आहे की नाही, हा प्रश्न त्याच्यापुढे नव्हताच. मूळ प्रतीत ‘मंजूर’ आहे आणि इथे ‘मजूर’ झाले आहे, एवढे त्याला दिसे.

स्पेलचेकरकडे दुसरा कागदच नाही. आपण थेट कळफलकावर लिहितो. मूळ प्रत कुठे असलीच, तर ती आपल्या डोक्यात असते. त्याच्या हाती फक्त प्रूफ लागते. मग तो बिचारा प्रूफ कशाशी ताडणार? शब्दांच्या यादीशी. ‘हा शब्द लेखकाला लिहायचा होता का?’ या प्रश्नाऐवजी ‘हा शब्द कुणीतरी कधीतरी लिहितो का?’ हा प्रश्न तो विचारतो. दोन्ही प्रश्नांचे उत्तर बहुतेक वेळा एकच येते, म्हणून यंत्र उपयोगी पडते. जिथे उत्तरे वेगळी येतात तिथे ते गप्प बसते.

दुसरा कागद समोर असूनही माणसे चुकतच होती, हेही खरे. लंडनमध्ये १६३१ साली राजाचे मुद्रक रॉबर्ट बार्कर आणि मार्टिन लुकास यांनी बायबल छापले, त्यात दहा आज्ञांपैकी व्यभिचाराला मनाई करणाऱ्या आज्ञेतला नकारच गळून गेला. मनाईचे फर्मान झाले! पहिला चार्ल्स राजा संतापला, मुद्रकांना तीनशे पौंड दंड झाला, त्यांचा परवाना गेला आणि प्रती गोळा करून नष्ट करण्यात आल्या. ज्या थोड्या हाती लागल्या नाहीत, त्या आज संग्राहक जिवापाड जपतात. मुद्दा असा, की आजचा स्पेलचेकर त्या पानावरून फिरवला असता तर त्याला काही वावगे दिसले नसते. त्या वाक्यातला एकही शब्द चुकलेला नव्हता. एक शब्द नव्हता, एवढेच.

मराठीत तर यासाठी शब्द गळायचीही गरज नाही, एक मोकळी जागा सरकली तरी पुरे. ‘येथे वाहन उभे करू नये’ यातला ‘न’ एक घर अलीकडे सरकवा. ‘येथे वाहन उभे करून ये.’ ‘ही गोळी उपाशीपोटी घेऊ नये’ याचे ‘घेऊन ये’ होते. करू, करून, घेऊ, घेऊन, नये, ये; सगळे शब्द यादीतले. स्पेलचेकर शब्द सुटे करतो ते मोकळ्या जागा पाहून. मोकळी जागाच चुकीच्या ठिकाणी पडली, तर त्याच्या पायाखालची जमीनच सरकली म्हणायची.

आपल्या भाषेत या यंत्राची आणखीही पंचाईत होते. इंग्रजी शब्दाची रूपे हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी. मराठीत ‘घर’ म्हटले की घराला, घराचा, घरात, घरातला, घरातल्या, घरातल्यांनी, घरातल्यांनाही, घरापासूनच अशी रांग लागते. ही सगळी रूपे यादीत घालायची तर यादी कधी पुरी व्हायची नाही. म्हणून मूळ शब्द आणि प्रत्यय वेगळे ठेवून त्यांच्या जोडणीचे नियम यंत्राला द्यावे लागतात. हंगेरियन भाषेची हीच अडचण होती. लास्लो नेमेथ यांनी तिच्यासाठी बांधलेला ‘हनस्पेल’ म्हणूनच पुढे जगभरच्या प्रत्ययबहुल भाषांच्या कामी आला आणि मराठीच्याही आला. पण नियम सैल ठेवला की नको ते शब्दही जुळून येतात. सामासिक शब्द सरसकट चालवून घेतले तर ‘पंतप्रधान’वरचा अनुस्वार उडून झालेला ‘पतप्रधान’सुद्धा पास होतो, कारण पत आहे आणि प्रधानही आहे. नियम आवळला तर बरोबर शब्दांखाली इतक्या रेघा येतात, की लिहिणारा वैतागून तपासणीच बंद करून टाकतो.

त्यात ऱ्हस्व-दीर्घ. साहित्य महामंडळाचे नियम १९६२ साली चौदा होते, १९७२ मध्ये त्यांत चारांची भर पडली. ते पाठ असलेल्यालाही जिथे थांबावे लागते, तिथे यंत्र बिनधास्त पुढे जाते. दिन म्हणजे दिवस, दीन म्हणजे गरीब बापडा. चौकाचौकांतल्या फलकांवर दर मे महिन्यात ‘महाराष्ट्र दीनाच्या हार्दिक शुभेच्छा’ झळकतात. त्यातला प्रत्येक शब्द कोशात सापडतो. सूत म्हणजे धागा आणि सुत म्हणजे मुलगा. सूर गळ्यातला आणि सुर स्वर्गातले. मिलन म्हणजे भेट आणि मीलन म्हणजे मिटणे. पुन्हा ‘सूत’ला प्रत्यय लागला की ‘सुताचा’ होते, म्हणजे धागा आणि मुलगा दोघे एकाच वेषात समोर येतात. इथे तपासनिसाने काय करावे?

उलट प्रकारही घडतो. ‘दुसऱ्या’ या शब्दातले जोडाक्षर संगणकात दोन निरनिराळ्या प्रकारांनी साठवता येते. एका पद्धतीत खाली टिंब असलेला खास ‘ऱ’ असतो. दुसऱ्या पद्धतीत साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य सांधणारे चिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. यंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द. यादीत एक असेल तर दुसऱ्याखाली रेघ! डोळ्यांना चूक दिसत नाही तिथे यंत्राला दिसते आणि डोळ्यांना दिसते तिथे यंत्राला नाही.

आतापर्यंत गप्प बसणाऱ्या तपासनिसाबद्दल बोललो. आगाऊपणा करणाऱ्याची गोष्ट निराळी. १९९५ च्या ‘वर्ड’मध्ये लिहिता लिहिता तांबड्या रेघा येऊ लागल्या, त्याआधी तपासणीचा हुकूम वेगळा सोडावा लागे. आता तर मोबाइल आपल्याला न विचारता शब्दच बदलून टाकतो. इंग्रजी ‘कोऑपरेशन’ म्हणजे सहकार्य. एके काळी काही स्पेलचेकरांच्या यादीत हा शब्द मधल्या जोडरेघेसह होता, सलग लिहिलेला नव्हता. सलग लिहिला की तो चूक ठरे आणि पर्याय म्हणून पुढे येई ‘क्युपर्टिनो’. हे कॅलिफोर्नियातले एक गाव, अॅपल कंपनीचे मुख्यालय असलेले. घाईत कुणीतरी ‘बदला’ असे बटण दाबी. परिणामी युरोपीय संघ आणि संयुक्त राष्ट्रे यांच्या गंभीर कागदपत्रांत राष्ट्राराष्ट्रांतले सहकार्य जाऊन तिथे क्युपर्टिनो गाव वसले. युरोपीय संघाच्या अनुवादकांनी या प्रकाराचे नावच ‘क्युपर्टिनो इफेक्ट’ असे ठेवले. गंमत सोडली तर यात एक वाईट गोष्ट घडते. अर्धवट चुकलेला शब्द वाचणाऱ्याला खटकतो, तो मनातल्या मनात दुरुस्त करून पुढे जातो. यंत्राने त्याच्या जागी नीटनेटका पण भलता शब्द बसवला, की खटकण्याचीही सोय राहत नाही.

शब्दाच्या आजूबाजूला बघायला यंत्राला शिकवावे, ही कल्पना अर्थातच पुष्कळांना सुचली. आयबीएमच्या संशोधकांनी १९९१ मध्ये लागोपाठच्या तीन शब्दांची जोडगोळी किती वेळा आढळते, हे मोजून शब्द जागेवर आहे की नाही ते ठरवण्याची पद्धत मांडली. ‘रजा मंजूर करावी’ हजारदा आढळते, ‘रजा मजूर करावी’ आढळत नाही; तेव्हा शंका घ्यायची. वर्डच्या २००७ च्या आवृत्तीत इंग्रजीसारख्या काही भाषांसाठी अशी सोय आली. अलीकडच्या काही वर्षांत तर प्रचंड मजकुरावर पोसलेली भाषिक प्रारूपे आली आहेत, त्यांना आमचा तो रजेचा अर्ज दिला तर तिन्ही टिंबे ती जागच्या जागी परत ठेवतील. हे मोठेच काम झाले, यात शंका नाही.

तरी दुसरा कागद त्यांच्याहीकडे नाही. नेहमी काय लिहिले जाते ते त्यांना ठाऊक असते. तुम्हाला आज काय लिहायचे होते ते नसते. ‘काकांनी पन्नास हजार दिले’ आणि ‘काकांना पन्नास हजार दिले’ ही दोन्ही वाक्ये शुद्ध, नेहमीची, घरोघर लिहिली जाणारी. एका वेलांटीने देणेकरी आणि घेणेकरी बदलतात. सभा सोमवारी की मंगळवारी, गोळी जेवणाआधी की जेवणानंतर, हे वाक्याच्या आजूबाजूला कितीही बघितले तरी कळणार नाही.

ब्रिटनमध्ये २००९ साली कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाने ‘टेलर अँड सन्स’ ही कंपनी दिवाळखोरीत निघाल्याची नोंद केली. प्रत्यक्षात निघाली होती ती ‘टेलर अँड सन’. इंग्रजी ‘एस’ हे एक अक्षर. शंभरावर वर्षांची, अडीचशे कामगारांची ती वेल्समधली अभियांत्रिकी कंपनी. नोंद तीनच दिवसांत दुरुस्त झाली, पण तोवर बातमी पसरली होती. माल पुरवणाऱ्यांनी उधारी थांबवली, गिऱ्हाइके दुरावली आणि धडधाकट धंदा दोन महिन्यांत खरोखरच बुडाला. उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये त्या कार्यालयाला जबाबदार धरले. सन आणि सन्स. दोन्ही शब्द बरोबर, दोन्ही कंपन्या खऱ्या. कोणत्या यंत्राने कशावरून हरकत घेतली असती?

मग करायचे काय? जुन्या छापखान्याच्या युक्त्या अजून चालतात. महत्त्वाचा मजकूर दुसऱ्याकडून मोठ्याने वाचून घ्यावा आणि आपण मूळ टिपण समोर धरून ऐकावे. ‘करून ये’ कानाला लगेच टोचते. दुसरे माणूस नसेल तर मजकूर कागदावर छापून आणि एक रात्र मध्ये जाऊ देऊन वाचावा, कारण ताज्या मजकुरात डोळे आपल्याला हवे तेच वाचतात. नावे, तारखा, रकमा आणि ‘नाही’, ‘नये’ हे शब्द एकदा वेगळे, फक्त तेवढेच तपासावेत. मुलाचा निबंध हाती आला तर रेघा नाहीत म्हणून परत न देता त्याला एक पान वाचून दाखवायला सांगावे.

आणखी एक सोय वर्डसारख्या प्रणालीत आहे, तिचा वापर फारसा कुणी करत नाही. एखादा शब्द बरोबर असला, तरी तो आपल्याला कधीच लिहायचा नसतो. असे शब्द एका वेगळ्या यादीत घालून ठेवले, की यंत्र त्यांच्याखालीही रेघ मारते. कचेरीच्या पत्रव्यवहारात ‘चिता’ आणि ‘प्रणाम’ या यादीत बिनदिक्कत जाऊ शकतात. ‘मजूर’ही जाईल. मात्र नोकरी रोजगार हमी योजनेच्या कार्यालयात असेल, तर तो तिथे टाकू नये.